सी खोडून यू लिहिणारं प्रोटीन

(फ्लास्क क्लोजअप. आधी दोन सेकंद शांत.)

हे गुलाबी पाणी दिसतंय ना, ते पेशींचं जेवण. त्यात तरंगणारे ठिपके म्हणजे टी पेशी, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, एचआयव्ही शिरतो त्याच जातीच्या.

अशाच फ्लास्कमधली ही गोष्ट. सीईएम आणि सीईएम-एसएस, दोन पेशी, अगदी सख्ख्या बहिणी म्हणा. नेहमीचा एचआयव्ही दोघींत मस्त वाढायचा. पण त्याचा विफ नावाचा जीन काढून टाकला की एसएसमध्ये वाढ चालूच, आणि सीईएममधून विषाणू बाहेर पडायचा खरा पण पुढच्या पेशीत जाऊन एकदम फुसका. का? एसएसमध्ये काही मदत करणारं आहे की सीईएममध्ये काही अडवणारं? कुणी म्हणेल काय फालतू प्रश्न आहे, पण सगळं यातूनच निघालं. १९९८ मध्ये अशा दोन प्रकारच्या पेशी चक्क एकमेकींना जोडून बघितल्या आणि जोडपेशी वागली सीईएमसारखी. म्हणजे अडवणारंच काहीतरी होतं.

ते सापडायला २००२ उजाडलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲन शीही, मायकेल मॅलिम आणि टीमने सीईएममध्ये चालू आणि एसएसमध्ये बंद असा जीन शोधून काढला, तो एसएसमध्ये टाकला, आणि तीसुद्धा विफ नसलेल्या विषाणूला दाद देईना! आज त्याला एपोबेक३जी म्हणतात.

(ॲनिमेशन)

हा बघा एपोबेक, म्हणजे त्या जीनपासून बनलेलं प्रोटीन, बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूत बिनतिकीट चढला. पुढच्या पेशीत विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए बनवायला घेतो तेवढ्यात हा त्यातले सी खोडून यू करत सुटतो (सी, यू, जी, ए ही डीएनए-आरएनएची अक्षरं), मग डीएनएची दुसरी बाजू बनताना जी च्या जागी ए, एकदा नाही, ढिगाने. असल्या मजकुरातून विषाणू काय बनणार, कप्पाळ.

मग एचआयव्ही होतोच कसा? विफमुळे. विफ एपोबेकला धरतो, त्याच्यावर युबिक्विटिनचा शिक्का मारून घेतो, आणि शिक्का बसला की पेशीचीच भंगार मशीन त्याचे तुकडे करते.

असे राखणदार अजून आहेत, २००४ मध्ये माकडांत सापडलेला ट्रिम५-अल्फा, २००८ चा टेदरिन, पण त्यांचं ॲनिमेशन आपल्याकडे नाही.

विफला अडवणारं औषध अजून बाजारात नाही, आजच्या गोळ्या दुसऱ्याच ठिकाणी काम करतात.

(फ्लास्क परत इन्क्युबेटरमध्ये. दार बंद.)