टेप गेली, टार राहिली

(दृश्य: काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर.)

सर्व्हरवर एक डिरेक्टरी आहे. आत हजारो फायली. रोजच्या नोंदी, फोटो, सेटिंगच्या फायली, आणि कुणीतरी कधीतरी ठेवून दिलेलं ‘जुनं-नवीन-अंतिम’ नावाचं एक फोल्डर, ज्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही. हे सगळं दुसऱ्या मशीनवर न्यायचंय. इथे माउस नाही, चित्रं नाहीत. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं.

त्या ओळीची सुरुवात बहुतेक वेळा तीन अक्षरांनी होते. टी, ए, आर. टार. डांबराशी काही संबंध नाही. अनेक फायलींचं एकच गाठोडं बांधणारा हा प्रोग्राम; नाव म्हणजे टेप आर्काइव्हचं लघुरूप.

(दृश्य: फिरणारी टेपची रिळं.)

१९७९. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतून युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर आली, तिच्यासोबत टारही. तेव्हा जपून ठेवायचं ते चुंबकीय टेपवर. टेप पुढे सरकत जाते, म्हणून टारची मांडणीही तशीच सरळ रेषेतली. आधी फाइलची चिठ्ठी: नाव, आकार, मालक, तारीख. मग फाइल. मग पुढची चिठ्ठी. सगळं ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत. फाइल एका बाइटची असली तरी ठोकळा पूर्ण अडवते. शेवटी शून्यांनी भरलेले दोन ठोकळे, म्हणजे संपलं.

अनुक्रमणिका नाहीच. म्हणून आजही मोठ्या टारमधून एक फाइल काढायची तर ती सुरुवातीपासून शोधत जाते. कॅसेटवर गाणं शोधलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या जुन्या चिठ्ठीत नावाला जागा १०० बाइटची. इंग्रजीला पुष्कळ. पण जगातल्या लिप्या संगणकात साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचा हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. ‘ग्रामपंचायत’ या एका शब्दाला ३३ बाइट लागतात. तो तीनदा लिहिला की जागा संपली! १९८८च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकाने ही मर्यादा वाढवली, नंतरच्या प्रकारांत ती उरलीच नाही.

(दृश्य: कापडाचं गाठोडं, वर हाताचा दाब.)

आणि एक गैरसमज. टार काहीही लहान करत नाही. ती फक्त गाठोडं बांधते, आणि ते चिठ्ठ्यांमुळे थोडं फुगतंच. दाबणारा वेगळा. तो जीझिप.

आधी युनिक्सवर हे काम कॉम्प्रेस नावाचा प्रोग्राम करायचा. त्याच्या मुळाशी असलेल्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर पेटंट होतं. त्यातून सुटका म्हणून १९९२ साली जाँ-लू गायी आणि मार्क अॅडलर यांनी जीझिप लिहिला. अॅडलर पुढे मंगळावर गेलेल्या स्पिरिट रोव्हरच्या मोहिमेत होते. दाबून भरायची सवय तिथेही उपयोगी पडली असणार.

दाबायची युक्ती लेम्पेल आणि झिव्ह या संशोधकांची, १९७७ची. आपल्या कारकुनांना मात्र ती आधीपासून ठाऊक होती. रजिस्टरमध्ये तोच पत्ता पुन्हा आला की ते काय लिहितात? ‘वरीलप्रमाणे’. जीझिप तेच करतो. इतके बाइट मागे जा, इतके उचल. मागे पाहायची त्याची नजर ३२ किलोबाइटपुरती. मग जे वारंवार येतं त्याला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. सर्व्हरच्या नोंदींत तीच तीच ओळ हजारदा येते, त्यामुळे त्या दहाव्या हिश्श्यावर आल्या तरी नवल नाही. मराठी मजकूरही चांगला दबतो: त्या तीन बाइटांतला पहिला कायम तोच, दुसरा दोनांपैकी एक. जेपेग फोटोंवर मात्र वेळ घालवू नये. ते आधीच पिळून काढलेले असतात.

(दृश्य: एकेक अक्षर उमटतं.)

आता ती ओळ. टार, मग सी, झेड, एफ. सी म्हणजे नवं बांध, झेड म्हणजे जीझिपने दाब, एफ म्हणजे पुढे फाइलचं नाव येतंय. आधी गाठोड्याचं नाव, नंतर डिरेक्टरीचं.

हा क्रम चुकला की गंमत संपते. गाठोड्याचं नाव द्यायचं विसरून थेट फायलींची यादी दिलीत, तर टार पहिल्या फाइललाच गाठोडं समजते आणि तिच्यावर लिहून मोकळी होते. विचारत नाही. नाव एकच दिलंत तर ग्नू टार (टारची लिनक्सवर सर्रास असणारी आवृत्ती) अडते आणि सांगते: रिकामं आर्काइव्ह बनवायला मी भित्रेपणाने नकार देते. मूळ संदेशात ‘भित्रेपणाने’ हा शब्द खरोखर आहे.

दुसरी खोच चालू डेटाबेसची. टार वाचत असताना फाइल बदलली तर ती कुरकुरते, पण बांधत राहते. असं गाठोडं उघडतं, आतला डेटाबेस उघडेलच असं नाही. त्याचा डम्प, म्हणजे सगळ्या माहितीची एक पूर्ण प्रत, आधी वेगळा काढावा.

आणि डिस्कवर गाठोड्यापुरतीही जागा नसेल तर? एफनंतर नावाऐवजी नुसती आडवी रेघ द्यायची. गाठोडं डिस्कवर न उतरता पाइपमधून (एका प्रोग्रामचं दुसऱ्याला थेट पोचवणारी नळी) एसएसएचला, म्हणजे दोन मशीनांना सुरक्षित जोडणाऱ्या प्रोग्रामला, मिळतं आणि थेट दुसऱ्या मशीनवर जाऊन पडतं. टेपसाठी केलेली ती सरळ रेषेतली मांडणी इथे कामी येते.

(दृश्य: दुसरं मशीन, दुसरा कर्सर.)

मूळ डिरेक्टरी अजून पुसायची नाही. इथे सीच्या जागी टी: उघडू नकोस, फक्त यादी दाखव. एंटर.

नावं सरसर वर जातायत. नोंदी. फोटो. सेटिंग. जुनं-नवीन-अंतिम.