माती, गादी आणि हिरवळ

श्रोतेहो, नमस्कार.

१९५२ सालच्या जुलै महिन्यात हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या वाट्याला आठ दिवसांच्या अंतराने दोन अगदी वेगळे अनुभव आले. त्यांतला एक आपल्या भागातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी २३ जुलैला कुस्तीत कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक साताऱ्याच्या मातीत आले. दुसरा अनुभव मात्र आपण सोयीने विसरलो आहोत. त्याआधी १५ जुलैला आपला फुटबॉल संघ युगोस्लाव्हियासमोर उतरला आणि १० विरुद्ध १ अशा फरकाने हरून परतला. उत्तरेकडच्या त्या थंड मैदानावर आपले बरेच खेळाडू अनवाणी होते.

एकाच देशातून एकाच स्पर्धेला गेलेल्या या दोघांच्या नशिबात इतके अंतर का पडले, याचा विचार करताना मला कुस्तीतली माती आणि गादी, म्हणजे मॅट, आठवते. खाशाबा १९४८ मध्ये लंडनला सहावे आले होते, आणि लाल मातीत घडलेल्या मल्लाला गादीवर पाय रोवताना काय जड जाते, हे त्यांना तिथेच उमगले होते. पुढची चार वर्षे त्यांनी त्या उमजेवर मेहनत घेतली. हा फरक सांगली-साताऱ्याच्या श्रोत्यांना मी समजावून सांगायला नको. महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या आजही माती आणि गादी अशा दोन विभागांत होतात, आणि त्यानंतरच दोन्हीकडचे विजेते एकमेकांना भिडतात. इशारा लंडनमध्ये फुटबॉल संघालाही मिळाला होता, पण तो जरा गोड शब्दांत मिळाला. फ्रान्सविरुद्ध आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या, केवळ २-१ ने हरलो, आणि अनवाणी पायांनी इतका सुरेख खेळ करणाऱ्या संघाचे तिथे फार कौतुक झाले. त्या कौतुकात बूट घालायचे राहून गेले.

राष्ट्रीय फुटबॉल संघांच्या चढउतारांबद्दल बोलताना आपण सहसा खेळाडूंची नावे घेतो, फार तर दैवाला बोल लावतो. माझे म्हणणे असे आहे की संघाचे नशीब बहुधा त्याहून आधी ठरलेले असते. पायाखालची जमीन बदलली आहे हे कोणत्या देशाने वेळेवर ओळखले आणि त्या नव्या जमिनीवर उभे राहायला शिकवणारे वस्ताद किती तयार केले, यावर ते ठरते.

आपलेच उदाहरण पाहा. हेलसिंकीच्या पराभवानंतर आपल्या महासंघाने बूट सक्तीचे केले. संघाची सूत्रे हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे होती, आणि हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर. चार वर्षांनी मेलबर्नला याच देशाच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, नेव्हिल डिसूझाने त्या सामन्यात तीन गोल केले, आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातला पहिला देश ठरला. पदक हुकले, चौथा क्रमांक मिळाला. पुढे १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात आपण दक्षिण कोरियाकडून २-० असे हरलो, आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियाला, आपल्या विरोधात ओरडणाऱ्या प्रेक्षकांसमोर, २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. जर्नेल सिंग हा खरा बचावपटू. स्पर्धेत त्याच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला खेळवले आणि अंतिम सामन्यातला एक गोल त्यानेच केला. असा डाव सुचायला आपल्या पठ्ठ्यांची नस न् नस ओळखणारा वस्ताद लागतो. त्या वेळी रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले.

तालमीतला वस्ताद गेला तरी त्याने घडवलेले मल्ल काही वर्षे मैदान मारत राहतात, आणि म्हणून बाहेरच्याला काही बिघडल्याचे लगेच कळत नाही. आपल्या फुटबॉलचे तेच झाले. १९६४ च्या आशियाई चषकात आपण उपविजेते होतो आणि १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, पण १९६० च्या रोमनंतर आपला संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा दिसला नाही आणि विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत तर आजवर एकदाही खेळला नाही. त्या काळात आपल्याकडचे देशांतर्गत सामने ७० मिनिटांचे असत, तर बाहेर सामना ९० मिनिटांचा. ज्याच्या फुप्फुसांना सत्तराव्या मिनिटाला शिट्टी ऐकण्याची सवय लागली आहे त्याचे पुढच्या वीस मिनिटांत काय होईल, हे सांगायला फुटबॉलचा जाणकार नको.

इथे एक गैरसमज दूर करतो. १९५० च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाला बुटांविना खेळू देणार नाहीत म्हणून भारत गेला नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकली आहे. आपल्या गटातल्या इतर देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला जागा मिळाली होती आणि प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायला यजमानही तयार होते. त्या काळी आपल्या महासंघाला ऑलिंपिक मोठे वाटे आणि विश्वचषकाचे महत्त्व वाटत नव्हते, हे खरे कारण. बुटांची गोष्ट ऐकायला बरी वाटते, कारण तिच्यात दोष दुसऱ्याच्या पदरात पडतो.

घसरण काही आपल्याच वाट्याला आली असे नाही. हेलसिंकीत आपल्याला दहा गोल चढवणारा युगोस्लाव्हिया अंतिम सामन्यात हंगेरीकडून २-० असा हरला. ती हंगेरी म्हणजे फेरेन्क पुष्काशची हंगेरी. तिने १९५३ मध्ये लंडनला वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले आणि पुढच्या वर्षी बुडापेस्टला बोलावून ७-१ असे हरवले. फुटबॉलची जमीन त्या संघाने स्वतः बदलली होती. इंग्लंडचे बचावपटू आपल्या नेहमीच्या जागा धरून उभे राहत आणि हंगेरीचे आघाडीपटू जागा बदलत बदलत त्यांच्या पाठीमागे पोहोचत. १९५४ च्या विश्वचषकात साखळीत ज्या पश्चिम जर्मनीला त्यांनी ८-३ असे चिरडले होते, तिच्याचकडून अंतिम सामन्यात २-० अशी आघाडी घेऊनही ते ३-२ असे हरले. एक सामना हरणे समजण्यासारखे आहे. पण दोन वर्षांनी हंगेरीत उठाव झाला, तो चिरडण्यात आला, आणि त्या वेळी परदेशात असलेले पुष्काश, कोचिश, झिबोर यांच्यासारखे खेळाडू मायदेशी परतलेच नाहीत. खेळाबाहेरच्या वादळाने घर मोडले, तर ते खेळातल्या हुशारीने पुन्हा उभे राहत नाही. १९८६ नंतर हंगेरी विश्वचषकात दिसलेली नाही.

इटलीची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. चार वेळा विश्वविजेता झालेला हा देश २०१८ च्या विश्वचषकासाठी पात्रच ठरला नाही. त्यानंतर २०२१ मध्ये इंग्लंडला त्यांच्याच अंगणात पेनल्टींवर हरवून युरोपचा विजेता झाला. आणि अवघ्या आठ महिन्यांनी उत्तर मॅसिडोनियासारख्या छोट्या देशाकडून पालेर्मोत १-० असा हरून पुढच्या विश्वचषकालाही मुकला. युरोपचे विजेतेपद हा रोग बरा झाल्याचा दाखला नव्हता, तो एका चांगल्या महिन्याचा गुण होता, असे मला वाटते. याउलट जर्मनीने २००० सालच्या युरोपीय स्पर्धेत गटात तळाला गेल्यावर प्रशिक्षक बदलून विषय मिटवला नाही. वरच्या श्रेणीतल्या क्लबांना मुलांच्या प्रबोधिनी चालवणे बंधनकारक झाले, देशभर शेकडो प्रशिक्षण केंद्रे निघाली, आणि चौदा वर्षांनी ब्राझीलला ब्राझीलमध्ये ७-१ असे हरवून ते विश्वविजेते झाले. त्यानंतरचे दोन विश्वचषक त्यांनी पहिल्याच फेरीत गमावले, ही गोष्टही सांगितली पाहिजे. गादीवर पाय रोवायला शिकलेला मल्लसुद्धा गादी आपल्या मालकीची समजू लागला की घसरतो.

लोकसंख्येचा मुद्दा निघतोच. एवढ्या मोठ्या देशात अकरा खेळाडू मिळत नाहीत का, असा प्रश्न चहाच्या टपरीपासून संसदेपर्यंत विचारला जातो. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास होती. दोन वेळा विश्वविजेता झालेला उरुग्वे हा देश आजही त्याहून थोडासाच मोठा आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत त्याच जनगणनेनुसार ५ लाख लोक राहत होते. आइसलँड हा अख्खा देश त्याहून लहान आहे. हा आइसलँड २०१२ मध्ये जागतिक क्रमवारीत १३१ व्या स्थानी होता. २०१६ मध्ये त्याने इंग्लंडला युरोपीय स्पर्धेतून बाहेर काढले आणि २०१८ मध्ये पहिल्याच विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ असे रोखले. वर्षातला बराच काळ बर्फ आणि वारा असलेल्या त्या देशाने छताखालची मैदाने बांधली आणि अगदी लहान मुलांनाही रीतसर शिकलेले प्रशिक्षक दिले. डोकी मोजण्याऐवजी शिकवणारे हात मोजले, तर हे कोडे उरत नाही.

आपल्या क्रमवारीचे आकडेही मी जपूनच वापरतो. भारत १९९६ च्या फेब्रुवारीत ९४ व्या स्थानी होता, २०१५ च्या मार्चमध्ये १७३ व्या स्थानी गेला, २०२३ च्या जुलैत पुन्हा ९९ वर आला, आणि सहाच महिन्यांनी आशियाई चषकात तिन्ही सामने एकही गोल न करता हरला. त्या ९९ च्या आकड्यावर आपण बरेच पेढे वाटले होते.

आणि तरीही शेजारी पाहिले की कुतूहल वाटते. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्याच नावांनी उतरतात. पाटाकडील तालीम मंडळ आणि दिलबहार तालीम मंडळ यांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, आणि विश्वचषक आला की पेठांमध्ये ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला. म्हणजे वेड आहे, मैदान आहे, तालीम हा शब्दसुद्धा आहे. उणीव आहे ती बारा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून चार दिवस शिकवणाऱ्या आणि वर्षभर सामने खेळवणाऱ्या माणसांची.

शेवटी जपानबद्दल बोलतो. जकार्ताच्या ज्या स्पर्धेत आपण सुवर्णपदक जिंकले, त्याच स्पर्धेत आपण जपानला २-० असे हरवले होते. जपानने त्याआधीच, १९६० मध्ये, देटमार क्रामर या जर्मन प्रशिक्षकाला बोलावले होते. १९६५ मध्ये त्यांनी राष्ट्रीय लीग सुरू केली आणि १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. पुढे मात्र तेही घसरले, आणि पाव शतकाहून अधिक काळ त्यांना ऑलिंपिकचे दारही उघडले नाही. १९९३ मध्ये त्यांनी व्यावसायिक लीग उभी केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, विश्वचषकाच्या पात्रता फेरीतल्या शेवटच्या सामन्यात, ते कतारमधल्या दोह्याच्या मैदानावर इराकविरुद्ध २-१ असे पुढे होते. नियमित वेळ संपली होती. भरपाईच्या वेळेत इराकने बरोबरी साधली आणि जपानचा विश्वचषक हुकला. जपानी खेळाडू मैदानातच बसले.

त्या संघाच्या मधल्या फळीत हाजिमे मोरियासू नावाचा एक खेळाडू होता. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच कतारमध्ये, विश्वचषकाच्या सामन्यात, जपानने जर्मनीला २-१ असे हरवले. क्रामर ज्या देशातून आले होते, तीच ही जर्मनी. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा जपानच्या बाजूला रेषेपाशी जे प्रशिक्षक उभे होते, ते हेच मोरियासू. नमस्कार.