शेवटच्या चौकटीत काय ठेवायचं?

मित्रहो, आमच्या चित्रकथांच्या कार्यशाळेत एका मुलीने काढलेल्या चार चौकटींपासून सुरुवात करतो. दोन भाऊ जुन्या विहिरीत उतरलेत आणि दोर तुटतो. तिसऱ्या चौकटीत दोघं गुडघाभर पाण्यात उभे. चौथीत तिने धाकट्याच्या तोंडी ‘विहीर’ आणि ‘विहार’ यांवरची एक कोटी घातली होती. सगळे हसले आणि गोष्ट तिथेच बसली. हे आता बाहेर कसे येणार, असं कुणीही विचारलं नाही.

मग तिने ती ओळ खोडून लिहिलं, ‘‘दादा, आईला सांगू नकोस हं.’’ पुन्हा हशा झाला, पण लगेच मागून आवाज आला, ‘‘पुढचा भाग कुठाय?’’ कोटी कुणीही करू शकलं असतं. आईची धास्ती मात्र त्याच पोराची होती, आणि ती बोलताना तो विहिरीतच होता.

ऑनलाइन स्ट्रिप, म्हणजे चारदोन चौकटींची चित्रकथा, काढणाऱ्याची खरी अडचण याच चौकटीत आहे. वाचक आज आलाय, त्याला आजचं हसू हवं. त्याने उद्याही यावं, तर काहीतरी अडकून राहायला हवं. दोन्हींचा हक्क शेवटच्या चौकटीवरच. ‘सकाळ’मध्ये १९९१ साली सुरू झालेल्या ‘चिंटू’ला ही ओढाताण फारशी नव्हती, तिथला विनोद त्या सकाळपुरता पुरा व्हायचा, आणि तेच त्याचं बळ होतं. लांबलचक कथा सांगणाऱ्याला ती सोय नाही. हॉवर्ड टेलर या अमेरिकन चित्रकाराने भाडोत्री अंतराळसैनिकांची ‘श्लॉक मर्सनरी’ १२ जून २००० ते २४ जुलै २०२० अशी वीस वर्षं रोज दिली, एकाही दिवसाचा खाडा न करता. लढाई ऐन रंगात आली तरी त्या दिवसाचा पंच, म्हणजे शेवटचा हशा, ठरलेला. मला हे अफाट वाटतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. वगातला सोंगाड्या आठवा. तो कथेच्या कडेला उभा राहून चुटके सांगत नाही. तो राजाचा शिपाई असतो, राजाचं संकट त्याच्याही मानेवर असतं, आणि तिथूनच तो बोलतो.

पण सगळ्यात जास्त शिकण्यासारखं मला रिच बर्ल्यूच्या ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ या ऑनलाइन चित्रकथेत सापडतं. २००३ साली सुरू झाली तेव्हा ती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायच्या खेळाच्या नियमांची थट्टा होती. पहिल्याच भागात खेळाची नवी आवृत्ती येते आणि भुयारात उभ्या असलेल्या पात्रांचे गुणधर्म जागच्या जागी बदलतात. चित्रं म्हणजे गोल डोकी आणि काड्यांचे हातपाय. अशा काड्यांसाठी कुणाच्या पोटात गोळा येईल, असं पहिली पानं वाचताना वाटत नाही.

झायकॉन हा त्यातला खलनायक. हाडांचा सापळा, मोठा जादूगार, आणि कंटाळलेल्या सुरात मस्करी करणारा. तो बोलला की हसू फुटतं. पण मस्करी करता करता तो माणसं मारतो, त्यामुळे दोनचार प्रसंगांनंतर त्याने विनोद केला की आपण हसतो आणि दचकतोही. एका मोठ्या वेढ्यात गोष्टीतल्या साहसी टोळीचा नायक रॉय त्याच्याशी आकाशात, मेलेल्या ड्रॅगनच्या पाठीवर झुंजतो, खाली पडतो आणि मरतो.

या खेळात मेलेलं पात्र मंत्राने उठवता येतं. तोही तिथला थट्टेचाच विषय. बर्ल्यू तो नियम मोडत नाही, फक्त ते घडू देत नाही. कित्येक भाग उलटतात, रॉय मेलेलाच. वर स्वर्गाच्या दारात एक कारकुनी थाटाचा देवदूत त्याच्या आयुष्याची फाईल उघडून बारीकसारीक गोष्टींची झडती घेतो. मला दर वेळी हसू येतं. आणि खाली, शत्रूने घेतलेल्या शहरात, त्याची सोबतीण हेली त्याचं प्रेत सांभाळत लपतछपत फिरत असते.