दोन तासांचा खाडा

(सकाळ. दवाखान्याचा व्हरांडा. स्टीलचा पेला, त्यात ढवळणारा चमचा.)

पेल्यात ३०० मिली पाणी आहे. नर्सताईंनी त्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज सोडलं, खळखळ ढवळलं आणि पेला पुढे केला. "पाच-दहा मिनिटांत संपवा, ताई. घाई नको. उलटी झाली तर लगेच सांगा."

साडेनऊ वाजलेत. बरोबर साडेअकराला तिचं रक्त घेतील, गरोदरपणातल्या मधुमेहाच्या तपासणीसाठी. तोवर याच बाकावर बसायचं.

हिचं नाव आम्ही सांगणार नाही. वय २७, सातवा महिना लागलाय. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडून पॅकिंगच्या लाइनवर काम करते. चुंचाळे शिवारात दहा बाय बाराची खोली आहे. माहेर नांदगाव तालुक्यातलं, पाण्याच्या टँकरची वाट बघणारं गाव.

ती पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. आम्ही कारण विचारलं.

"आमच्याकडं अर्धा दिवस नसतो. उशीर झाला की पूर्ण खाडा."

(घड्याळ. व्हरांड्यातल्या बाकांवर बसलेल्या बायका.)

या तपासणीमागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी यासाठी बाईला उपाशीपोटी यावं लागे. गरोदर बाई, त्यात लांबून आलेली, उपाशी किती वेळ राहणार? आणि 'उद्या उपाशी ये' म्हणून परत पाठवलेली बाई पुन्हा येतेच असं नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी हे ओळखलं. बाई काहीही खाऊन आलेली असो, ग्लुकोज पाजायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचं, ही पद्धत त्यांनी भारतात रुजवली. साखर १४० किंवा त्याहून वर आली, तर तो गरोदरपणातला मधुमेह. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही हीच तपासणी आहे: पहिल्या भेटीत एकदा, आणि तेव्हा ठीक निघाली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. शेषय्यांचा जन्मदिवस, १० मार्च, देशात गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात.

म्हणजे ही तपासणीच मुळात गरीब बाईचा विचार करून आलेली आहे. उपास गेला, दुसरा हेलपाटा गेला. दोन तास तेवढे राहिले. ते कुणालाच कमी करता येत नाहीत, कारण रक्तातली साखर आपल्या गतीनं वरखाली होते.

गंगापूर रोडवर राहणारी, पगारी रजा असलेली बाई हे दोन तास मोबाईल बघत काढते. हिला त्याच दोन तासांसाठी दिवसाचा रोज सोडावा लागतो.

(रक्ताचा थेंब. यंत्रावर आकडा: १६२.)

एकशे बासष्ट.

ती काही बोलत नाही. मग एकदम म्हणते, "पण मी गोड खातच नाही. चहात काय ते."

हे वाक्य आम्ही या व्हरांड्यात तीन बायकांकडून ऐकलं. प्रत्येकीच्या आवाजात हीच लाज होती, आपल्या हातून काहीतरी चूक झाल्याची. ती लाज बघून फार वाईट वाटतं, कारण चूक तिची नाही.

गरोदरपणात वारेतून, म्हणजे बाळाला आईशी जोडणाऱ्या अवयवातून, काही संप्रेरकं (हार्मोन्स) आईच्या रक्तात येतात. त्यांच्यामुळे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या आईच्या इन्शुलिनचा जोर कमी होतो. निसर्गाचा हेतू चांगला आहे, बाळाला साखर कमी पडू नये. आईच्या स्वादुपिंडानं मग जास्तीचं इन्शुलिन करून हे सावरायचं असतं. बहुतेकींचं सावरतं. ज्यांची शिल्लक आधीच तुटपुंजी, त्यांची साखर चढते. ती वारेतून बाळाकडे जाते, इन्शुलिन मात्र जात नाही. मग बाळाचंच स्वादुपिंड जास्त इन्शुलिन करायला लागतं. बाळाच्या अंगावर चरबी चढते, बाळंतपण अडू शकतं, आणि नाळ कापल्यावर त्याच बाळाची साखर झपकन खाली येऊ शकते.

ही शिल्लक तुटपुंजी का असते, याचं उत्तर शोधायला नाशिकहून फार लांब जावं लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं तपासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. बाळ लहान, स्नायू कमी, पण अंगावरची चरबी मात्र फारशी कमी नाही. वजनाच्या काट्यावर हडकुळं दिसणारं बाळ आतून चरबी राखून होतं. अशी शरीरं पुढं मधुमेहाकडे लवकर झुकतात.

(नांदगावकडचा माळ. कोरडा बंधारा.)

आता हिची कुंडली बघा. हिची उंची ४ फूट १० इंच. लहानपणी पोटभर न मिळालेल्या अंगाची वाढ अशी खुंटते, आणि बुटक्या बायकांत गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळतो. हिची आई १९७३ सालची. म्हणजे महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ होता तेव्हा आजी पोटुशी होती. आजी खडी फोडायला जायची, सुकडी आणि लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढायची, असं आई सांगते. मुलीच्या अंडाशयातली बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. ज्या बीजापासून पुढं ही जन्माला आली, ते त्या दुष्काळात आजीच्या पोटात होतं.

यावरून हिच्या १६२ चा दोष थेट आजीच्या उपासाला द्यावा, असं आम्ही म्हणत नाही. पण १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांची साखर मोठेपणी बिघडलेली आढळली. उपास एका पिढीत संपत नाही, एवढं नक्की.

शहरानं त्यावर स्वतःची भर घातली. बैठं काम, रात्रपाळीची मोडलेली झोप, पोट भरणारं स्वस्त पीठ आणि भात. हा खात्यापित्या घरचा आजार, असं कित्येक वर्षं समजलं जायचं. शेषय्यांच्याच गटानं तामिळनाडूत बारा हजारांवर गरोदर बायका तपासल्या, तेव्हा शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ आणि खेड्यात ९.९ टक्के जणींना हा मधुमेह निघाला. खेड्यातसुद्धा दहात एक. आणि ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशांत हा आजार कमी शिकलेल्या, कमी मिळकतीच्या घरांत जास्त दिसतो. आपल्या शहरी वस्त्यांची वाट तिकडेच चाललीय, असं आम्हाला वाटतं.

(खोली. स्टोव्ह. पत्र्याचा डबा.)

आहाराचा कागद तिनं देवाच्या फोटोखाली चिकटवलाय. तीन वेळा जेवण, मधे तीन वेळा थोडं खाणं. मोड आलेली कडधान्यं, दही, अंडी, पालेभाजी. जेवणानंतर चालणं.

कागद बरोबर आहे. पण लाइनवर जेवणाची सुट्टी एकदाच होते, आणि चहाची सुट्टी चहापुरतीच. रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, गहू आणि तांदूळ. जे फुकट आहे ते हिला कमी खायचंय, जे जास्त खायचंय ते सगळं विकत. घरी साखर मोजायची तर एका पट्टीला एका अंड्याहून जास्त पैसे पडतात. चालायला शहरात गोल्फ क्लब मैदान आहे, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे. हिच्या गल्लीत रात्री दिवा नाही आणि कुत्री आहेत. सासूबाई फोनवर मायेनं सांगतात, "दोन जिवांची आहेस पोरी, दोघांचं खा."

तरी घर हलतंय. नवरा पहाटे उठून मटकीची उसळ टाकतो. डब्यात आता तीनऐवजी दोन चपात्या असतात आणि उरलेली जागा उसळीनं भरते. आशाताईंनी पर्यवेक्षकाला फोन करून अकराच्या सुमाराला पाच मिनिटं मागून घेतली, मूठभर फुटाणे खाण्यापुरती.

दोन आठवडे पथ्य पाळूनही जेवणानंतरची साखर १२० च्या खाली आली नाही. इन्शुलिन सुरू झालं. फ्रीज नाही. कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून माठाच्या थंडाव्यात ठेवलीय. वर ओला पंचा.

(पेठ रोडवरून जाणारी जीप, मागे गाठोडी.)

हिला किमान कळलं तरी. पेठ, सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला निफाड, दिंडोरीत उतरणाऱ्या बायकांचे तपासणीचे ते चार आठवडे, २४ ते २८, बागेतच जातात. कार्ड गावाकडच्या उपकेंद्राचं, मुक्काम मालकाच्या शेडमध्ये. तपासणी नक्की कुणी करायची?

(नांदगाव तालुका. प्राथमिक आरोग्य केंद्र. मांडीवर बाळ.)

मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम. बाळंतपणानंतर हिची साखर उतरली, इन्शुलिन थांबलं. पण एकदा असा मधुमेह होऊन गेलेल्या बाईला पुढं कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या कित्येक पट असतो, म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं. तोवर बाई माहेरी असते, कागद शहरातल्या दवाखान्यात राहतात, आणि साखर उतरलीय म्हणून विषय संपतो. आशाताईंनी माता-बाल कार्डावर लाल पेननं तारीख लिहून दिली होती, म्हणून आज ती आलीय.

पुन्हा तोच पेला. पुन्हा दोन तास. या वेळी खाडा पडणार नाही, कारण काम सुटलंय.

शेजारी आई बसलीय. आता बावन्न वर्षांची, नातीला थोपटतेय.

नर्सताई नोंदवही उघडतात. "मावशी, तुमची शुगर कधी तपासलीय?"

"माझी? मला काय झालंय?"

"रात्री लघवीला उठावं लागतं का?"

आई लेकीकडे बघते. मग नातीच्या डोक्याखालचा हात अलगद काढून घेते, पदराला पुसते आणि बोट पुढे करते.