सुटलेल्या पानाचा वण

(दृश्य: पहाटेचं धुकं. फांदीवरून एक पान सुटतं.)

वाऱ्याने पान पाडलं, असं आपण सहज म्हणतो. वारा फक्त शेवटचा धक्का देतो. पान सोडायची तयारी झाडात कित्येक आठवडे चाललेली असते.

दिवस लहान होऊ लागले की झाडाला ते कळतं. पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं. हिरवा रंग ओसरतो आणि इतके दिवस त्याच्याआड असलेला पिवळा, नारिंगी वर येतो. आपण रंग बघत उभे राहतो, पण मोठं काम शिरांमधून चाललेलं असतं. पानातला नायट्रोजन, फॉस्फरस झाड परत ओढून घेतं, पुष्कळदा निम्म्याहून जास्त. तो खोडात, मुळांत साठवून ठेवतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पट्टा असतो, तो सैल पडत जातो. फांदीच्या बाजूला बुचासारखं आवरण धरतं. म्हणून पान गळलं तरी जखम उघडी राहत नाही.

(दृश्य: फांदीवरचा वण, अगदी जवळून.)

हा हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाचा वण, गळलेल्या पानाची खूण. घोड्याच्या नालासारखा आकार, आणि नालाला खिळे ठोकावेत तसे ओळीने ठिपके. पानाला पाणी पुरवणाऱ्या नळ्यांची ही बुजलेली तोंडं. बोट फिरवलं तर कोरडं लागतं.

(दृश्य: मोडून लोंबणारी फांदी.)

आता ही बघा. भर उन्हाळ्यात मोडलेली फांदी. हिची पानं सुकली, करपली, पण गळली नाहीत. पान सोडायलाही फांदी जिवंत असावी लागते.

ही फांदी पाहिल्यापासून डोक्यातून जात नाही. मनात काही अडकून बसलेल्या माणसाला आपण किती सहज सांगतो, ‘सोडून दे की!’ पण थकून गळाठलेल्या माणसात सोडण्याइतकंही बळ उरलेलं नसतं. त्याला उपदेश नको असतो. आधी झोप हवी असते, निवांतपणा हवा असतो, कुणी काही विचारणार नाही असे चार दिवस हवे असतात.

(दृश्य: रात्र. रस्त्यावरच्या दिव्याखालचं झाड.)

दिव्यालगतच्या फांद्या अजून हिरव्या आहेत, बाकीचं झाड रिकामं झालंय. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे पानगळ लांबते, हे १९३६ सालीच नोंदवलं गेलं आहे. दिवस सरल्याचं त्या फांद्यांना उमगतच नाही. आपलं तरी काय वेगळं आहे? अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडू लागते; रात्र झाल्याचा शरीराला तो निरोप. डोळ्यांसमोरचा प्रखर उजेड तो निरोप अडवून धरतो. मोठ्या माणसाला किमान ७ तास झोप लागते. तेव्हा संध्याकाळी दिवे मंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि लवकर आडवं होण्याची लाज बाळगू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. दिवस लहान झाले की काहींचं मन आठवडेच्या आठवडे खिन्न राहतं, कशातच रस वाटत नाही. ऋतूबरोबर येणाऱ्या या नैराश्याचं वर्णन १९८४ साली वैद्यकात झालं, आणि त्यावर उपचार आहेत. आराम केला की बरं वाटेल, असं म्हणून ते अंगावर काढू नका. डॉक्टरांना भेटा.

(दृश्य: सफरचंदाची निष्पर्ण बाग.)

सफरचंदाची विश्रांती तर तासांत मोजतात. कित्येक जातींना ० ते ७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीचे सुमारे १,००० तास लागतात. ते भरले नाहीत, तर वसंतात फांदीवरचे डोळे, म्हणजे नव्या पानाफुलांचे कोंब, उशिरा फुटतात, तेही अर्धेमुर्धे. या तासांमध्ये बागेत बघण्यासारखं काहीच घडत नाही. तरी बागाईतदार त्यांचा हिशेब ठेवतो. आपली एखादी रिकामी दुपार आपण कुठल्या खात्यात लिहितो?

(दृश्य: पुन्हा तोच वण.)

नालाच्या खुणेच्या अगदी वर एक तपकिरी, चिकट डोळा आहे. पान गळायच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यातच तो धरला होता. आत पुढच्या वर्षीची पानं घडी घालून ठेवलेली आहेत.

कॅमेरा इथे थोडा वेळ तसाच ठेवतो आहोत. काही हलणार नाही.