कोपनहेगन : पाहुणे येण्याआधीची तयारी

(दृश्य : समुद्रातल्या पवनचक्क्यांची कमानदार रांग, पलीकडे शहर.)

या वीस पवनचक्क्या मिडलग्रुंडनच्या. २००० सालापासून त्या इथे उभ्या आहेत. त्यांतल्या निम्म्या, म्हणजे दहा चक्क्या एका सहकारी संस्थेच्या आहेत. शिक्षक, दुकानदार, निवृत्त माणसं अशा हजारो नागरिकांनी भाग विकत घेतले आणि समुद्रात स्वतःच्या मालकीची वीज उभी केली. कोपनहेगनला परिषदेसाठी येणाऱ्या पाहुण्याला विमानाच्या खिडकीतून अनेकदा हेच दृश्य पहिल्यांदा दिसतं.

विमानतळावर सामान हाती आलं की मेट्रोचं स्थानक तिथेच आहे. ही गाडी चालकाविना चालते, रात्रीही थांबत नाही आणि साधारण पंधरा मिनिटांत शहराच्या मध्यावर पोहोचवते. आयोजकाला पाहुण्यांसाठी मोटारींचा ताफा लावावा लागत नाही. डेन्मार्कचं मोठं परिषद-केंद्र म्हणजे बेला सेंटर. त्याच्या नावाचं मेट्रो स्थानकच आहे.

परिषद पर्यावरणपूरक करायची म्हटलं की बहुतेक आयोजक छापील कागद कमी करतात, प्लास्टिकचे पेले हटवतात. हे करायलाच हवं. पण सभागृह कशावर गरम होतं, दिवे कुठल्या विजेवर जळतात, उष्टं-खरकटं कुठे जातं, हे तीन दिवसांसाठी आलेल्या कुठल्याही आयोजकाच्या हातात नसतं. ते शहराने आधीच ठरवलेलं असतं, आणि कोपनहेगनने ते ठरवायला फार लवकर सुरुवात केली.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, मोटारींविना रिकामे रस्ते.)

१९७३. तेलाचं संकट आलं तेव्हा डेन्मार्कची ऊर्जेची जवळजवळ सगळी गरज आयात तेलावर भागत होती. सरकारने रविवारी खासगी मोटारी चालवायला बंदी घातली. लोकांनी घरं थंड ठेवली, दिवे मालवले. त्या हिवाळ्याने देशाला हादरवलं. १९७९ साली उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला. वीज तयार करताना वाया जाणारी उष्णता पाण्यात साठवायची आणि ते गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघरी पोहोचवायचं, या जुन्या पद्धतीला त्या कायद्याने बळ दिलं. आज कोपनहेगनमधल्या सुमारे ९८ टक्के इमारती अशा सामायिक जाळ्यातून ऊब घेतात. घर असो, शाळा असो की हॉटेल, प्रत्येकाच्या तळघरात वेगळा बॉयलर पेटत नाही.

(दृश्य : कोपनहिलचा उतार, खाली येणारे स्कीपटू.)

त्या जाळ्याला उष्णता देणाऱ्या केंद्रांपैकी हे एक. अमागर बेटावरचं कोपनहिल. आत शहराचा कचरा जळतो, त्यातून वीज आणि गरम पाणी मिळतं. छतावर २०१९ पासून स्कीचा उतार आहे, चढाईची वाट आहे, आणि बाहेरच्या भिंतीवर ८५ मीटर उंच चढून जाता येतं. शहरं असे प्रकल्प नजरेआड, वेशीबाहेर नेऊन टाकतात. इथे बंदरातून मान वर केली की हा समोर दिसतो. आपण टाकलेल्याचं काय होतं हे लपवायचं नाही, असं या शहराने ठरवलं. मला हा निर्णय त्या उतारापेक्षाही मोठा वाटतो.

थंड देशातल्या परिषदेलाही गारव्याची गरज लागते. हजार माणसं, शेकडो दिवे आणि स्क्रीन एका सभागृहात आले की हवा तापते. त्यासाठी २०१० पासून शहराच्या मध्यभागात आणखी एक जाळं आहे. बंदरातलं थंड समुद्रपाणी ओढून घेतलं जातं, त्याचा गारवा नळांतल्या पाण्याला देऊन ते पुन्हा समुद्रात सोडलं जातं. हॉटेलं, दुकानं, कचेऱ्या त्यावर थंड होतात. छपरांवरची गुरगुरणारी वातानुकूलन यंत्रं तेवढी कमी. एकेकाळी सांडपाण्याने खराब झालेल्या याच बंदरात २००२ पासून लोक पोहायला उतरतात. दुपारचं सत्र संपवून आलेले पाहुणेही त्यांत असतात.

आणि पिण्याचं पाणी? जमिनीखालून काढायचं, त्यात हवा खेळवायची, वाळूतून गाळायचं. क्लोरीन न घालता ते नळाला येतं.

(दृश्य : डिसेंबर २००९, बेला सेंटरबाहेरची गर्दी.)

यजमान म्हणून या शहराची खरी परीक्षा डिसेंबर २००९ मध्ये झाली. संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद इथे भरली. डेन्मार्कने पाहुण्यांना बाटलीबंद पाण्याऐवजी नळाचं पाणी दिलं. जेवणात सेंद्रिय पदार्थांचा मोठा वाटा ठेवला. भेटवस्तू दिल्याच नाहीत. पिशव्या, लेखण्या, स्मृतिचिन्हं यांवर जाणाऱ्या पैशातून अकरा परदेशी विद्यार्थ्यांना डेन्मार्कमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. पाहुण्याचा मान वस्तू देऊनच राखावा लागतो ही समजूत त्या एका निर्णयाने मोडली. आजच्या आयोजकांनी जशीच्या तशी उचलावी अशी ही गोष्ट आहे.

सगळं नीट झालं असं मात्र नाही. सभागृहाची क्षमता पंधरा हजारांची, नोंदणी त्याच्या कितीतरी पट. लोक कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास रांगेत उभे राहिले. आणि कार्बनचा हिशेब मांडला तेव्हा ४० हजार टनांहून मोठा आकडा निघाला. त्यातला सुमारे ९० टक्के भाग विमानप्रवासाचा होता. भरपाई म्हणून डेन्मार्कने बांगलादेशातल्या ढाक्याच्या जुन्या, धूर ओकणाऱ्या वीटभट्ट्या सुधारायला पैसे दिले.

नळाचं पाणी, सामायिक जाळ्यातली ऊब, मेट्रो हे सगळं शहर देऊ शकतं. पाहुणा इथपर्यंत कसा येतो, ते शहराच्या हातात नाही. परिषदांच्या जाहिरातींत ही बाब बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून इथे ती मुद्दाम सांगायची.

२०१२ साली कोपनहेगनने २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणलेली राजधानी होण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. २०१४ सालासाठी ‘युरोपची हरित राजधानी’ हा किताब शहराकडे होता. २०२२ मध्ये मात्र २०२५ ची मुदत पाळता येणार नाही, असं शहराने उघडपणे सांगितलं. कचरा जाळणाऱ्या त्या केंद्रातला कार्बन पकडून साठवायची योजना होती आणि तिला निधी मिळाला नाही. जो प्रकल्प शहर अभिमानाने दाखवतं, त्याच्याच धुराड्याशी हिशेब अडला.

प्रवासाचं उत्तर आता रुळांवर शोधलं जात आहे. २००० साली ओरेसुंड पूल झाला आणि स्वीडनचं माल्मो रेल्वेने अर्ध्यापाऊण तासावर आलं. तिकडच्या पाहुण्याला विमानाचा विचारही करावा लागत नाही. दक्षिणेकडे डेन्मार्क आणि जर्मनी यांच्यात समुद्रतळावर १८ किलोमीटरचा बोगदा बांधला जातो आहे. काँक्रीटचे अजस्र भाग किनाऱ्यावर ओतायचे, तरंगत न्यायचे आणि तळाशी खोदलेल्या चरात एकेक करून बसवायचे, असं ते काम चालतं. बोगदा पूर्ण झाला की हॅम्बुर्ग ते कोपनहेगन हा आज साडेचार-पाच तास खाणारा रेल्वेप्रवास अडीच तासांवर येईल.

(दृश्य : बोगद्याच्या कारखान्याचं धक्क्यावरचं आवार, ओल्या काँक्रीटचा साचा.)