फ्यूज उडाला म्हणजे नेमकं काय झालं?

कालपर्यंत वायपर मस्त चालत होता आणि आज स्विच फिरवला तर काहीच नाही, आवाजसुद्धा नाही. आपण धरूनच चालतो की मोटर गेली. पण बरेचदा गेलेली असते ती फक्त नखाएवढी रंगीत पट्टी, म्हणजे फ्यूज. जास्त करंट आला की त्याच्या आतली तार वितळून तुटते, त्यालाच फ्यूज उडाला म्हणतात.

आता हा असतो कुठे? बहुतेक गाड्यांत फ्यूज बॉक्स दोन तरी असतात. एक बॉनेटखाली बॅटरीच्या जवळपास, काळं झाकण असलेला, त्यात रेडिएटर फॅन, हेडलाइट, एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असली जास्त करंट खाणारी मंडळी. दुसरा केबिनमध्ये, कधी स्टीअरिंगखाली, कधी ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, कधी दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या कडेला. काही गाड्यांत डिकीतही असतो. कुठला फ्यूज कशाचा ते झाकणाच्या आत नाहीतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्याचा आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, रात्री रस्त्यात शोधत बसणं फार वाईट.

नेहमीच्या ब्लेड फ्यूजमध्ये लाल 10 अँपियरचा, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. आतली तार तुटलेली दिसली की कळतंच, पण कधी चीर इतकी बारीक असते की डोळ्याला दिसत नाही. म्हणून फ्यूजच्या डोक्यावरचे दोन धातूचे ठिपके बघा. चावी ऑन करा, ज्याचा फ्यूज आहे तेही चालू करा, टेस्ट लॅम्पची (क्लिप आणि टोकदार पिन असलेला छोटा तपासणीचा दिवा) क्लिप बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा आणि टोक दोन्ही ठिपक्यांना टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागला तर गेलेला.

आणि इथे मला अगदी कळकळीने सांगायचंय. फ्यूज वायरला वाचवायला असतो. 10 चा सारखा उडतो म्हणून तिथे 20 चा टाकला, किंवा चांदीचा कागद गुंडाळला, तर फ्यूज टिकतो पण मग तापते ती आतली बारीक वायर, तिचं कव्हर वितळतं, गाडी पेटू शकते. 12 व्होल्टवर 60 वॅटचा बल्ब 5 अँपियर घेतो, मग त्याचा 10 चा फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, वायर घासलीय, उंदराने कुरतडलीय, नाहीतर होल्डरमध्ये पाणी शिरलंय. ते शोधा.

फ्यूज चांगला असून लाइट मंद असेल तर अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायची जोडणी बघायची. आमच्या गाडीत इंडिकेटर लावला की टेललाइटपण लुकलुकायचा, बल्ब बदलले, काही फरक नाही, शेवटी बॉडीला जोडलेला अर्थचा बोल्ट खोलला तर खाली नुसता गंज. पॉलिश पेपरने घासला, परत आवळला, झालं.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलला हात लावायचा नाही, तिथे हाय व्होल्टेज असतं.

रोज सकाळी बॅटरी उतरलेली असते का? मग गाडी लॉक करून अर्धा तास तरी शांत राहू द्या, काही गाड्या झोपायला जास्तही वेळ घेतात. मग मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) मिलीव्होल्टवर ठेवून एकेका फ्यूजच्या त्याच दोन ठिपक्यांवर लावा. फ्यूज उपसायचा नाही, उपसून परत बसवला की झोपलेले मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, जागे होऊ शकतात. जिथे शून्य नाही तिथून करंट जातोय. थोडासा जाणारच, घड्याळ आहे, लॉक आहे, सगळ्या गाडीचा मिळून साधारण 50 मिलीअँपियरपर्यंत चालतं (मिलीव्होल्टवरून करंट किती ते त्या फ्यूजच्या तक्त्यात बघायचं). त्याहून जास्त निघाला तर आधी डिकीतला दिवा बघा, झाकण लावल्यावर तो खरंच विझतो का.